‘बाई, मी भारताचा नागरिक कशावरून?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला नागरिकशास्त्र शिकवता. परिपाठात मुले रोज उद्देशिका म्हणतात. एके दिवशी सातवीतल्या मुलाने विचारले, “बाई, मी भारताचा नागरिक कशावरून?” तुम्ही सांगितलेत, “इथे जन्मलास म्हणून.” घरी जाऊन वाचले तेव्हा कळले की हे उत्तर आता पुरत नाही. आता त्या मुलाला काय सांगावे? नागरिकत्वाचे नियमच इतके बदलत गेले असतील तर नागरिकशास्त्र शिकवायचे कसे? आणि मुख्याध्यापक म्हणाले, “वादाचा विषय आहे, नको,” तर?

मी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, शेवटची काही वर्षे शिक्षकांच्या प्रशिक्षणातही होतो. “इथे जन्मलास म्हणून” हे उत्तर मीही बरीच वर्षे दिले. माझ्या पहिल्या तुकड्यांसाठी ते बरोबरच होते, कारण ती मुले १९८७ च्या आधी जन्मलेली होती. तुमच्या वर्गातल्या मुलासाठी ते अर्धे उत्तर आहे.

पूर्ण उत्तर असे : “तू भारतात जन्मलास, आणि तुझे आई-वडील भारताचे नागरिक आहेत.” मुलगा हुशार असेल तर लगेच विचारेल, “आणि ते कशावरून?” हा दुसरा प्रश्न आला की खरा तास सुरू झाला समजा. फळ्यावर एक काल्पनिक घर काढा. पणजी १९३८ ची, आजी १९५८ ची, आई १९८५ ची, मामा १९९० चा, आणि मुलगा २०१२ चा. सगळे एकाच गावात जन्मलेले, एकाच चुलीवरचे जेवणारे. पण कायद्याच्या नजरेने ही पाच माणसे चार वेगवेगळ्या नियमांनी नागरिक झाली आहेत.

पणजी संविधानाच्या अनुच्छेद ५ ने. तिचा जन्म भारताच्या भूमीवर झाला आणि संविधान लागू होताना तिचा अधिवास इथेच होता. आजी आणि आई १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. त्यातला मूळ नियम साधा होता : २६ जानेवारी १९५० पासून भारतात जो जन्मला तो नागरिक. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुले असे दोन अगदी मर्यादित अपवाद सोडले, तर आई-बाप कोण हे विचारायचेच नाही. मामाच्या वेळी नियम बदललेला होता. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी भारतात जन्म पुरेसा नाही, आई-वडिलांपैकी एकजण तरी भारतीय हवा. आणि मुलाच्या वेळी तो पुन्हा बदलला. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी दोघेही भारतीय हवेत, किंवा एकजण भारतीय आणि दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ (वैध कागदांशिवाय आलेला किंवा मुदत संपूनही राहिलेला परदेशी) नसलेला हवा.

म्हणजे “मी कशावरून?” हा प्रश्न मुलाकडून आई-वडिलांकडे जातो आणि आईच्या बाजूने आईपाशीच थांबतो, कारण आई १९८७ च्या आधीची आहे. तिच्यासाठी जन्म एवढाच पुरावा आहे. मामाच्या मुलांचा प्रश्न मात्र मामावरून आजीपर्यंत जाईल. ही साखळी मुलांना चटकन कळते. वंशावळ त्यांना नवी नसते, जातपडताळणीच्या निमित्ताने निम्म्या घरांत ती कागदावर काढलेली असते.

आता हे नियम का बदलले, ते तुमच्यासाठी. सगळे मुलांपुढे ठेवायला हवे असे नाही, पण तुम्हाला ठाऊक हवे.

संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले असे आपण शिकवतो. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९ मात्र २६ नोव्हेंबर १९४९ लाच, संविधान स्वीकारले त्याच दिवशी, अमलात आले. निवडणूक आयोगाचा अनुच्छेद ३२४ ही त्याच दिवसापासून. नागरिक कोण हे ठरल्याशिवाय मतदारयादी करता येत नाही, हे मुलांना एका वाक्यात समजते. या अनुच्छेदांनी मसुदा समितीला फार सतावले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये ते संविधानसभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी, एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कोणत्याही कलमाने समितीची एवढी डोकेदुखी केली नाही, या अर्थाचे सांगितले. फाळणीने माणसे दोन्ही बाजूंनी वाहत होती. १९ जुलै १९४८ ही तारीख त्यातून आली : त्याआधी पाकिस्तानातून येऊन राहिलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणीची अट. कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, वसलेल्या सिंधी कुटुंबांचे नागरिकत्व याच अनुच्छेद ६ मधून येते.

त्या चर्चेत आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख उभे राहिले. अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक, पुढे केंद्रीय कृषिमंत्री झाले ते. मसुद्यातल्या नियमांनी भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. हिंदूंनी आणि शिखांनी दुसरे कुठे जायचे, हा त्यांचा सवाल होता. नेहरू, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि इतरांचे म्हणणे, धर्म ही नागरिकत्वाची कसोटी होऊ शकत नाही. दुरुस्ती मान्य झाली नाही. मी हा प्रसंग नववीच्या वर्गात दोन गट करून वाचून घेत असे. मुलांना एक गोष्ट फार लागायची : दोन्ही बाजूंची माणसे स्वातंत्र्यलढ्याच्या काळातून आलेली, दोन्ही बाजूंना देशाची काळजी, आणि तरी एकमेकांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊन मग मतदान.

१९८६ ची दुरुस्ती परदेशातून येणाऱ्यांविरुद्धच्या आसाम आंदोलनानंतरची. १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार झाला, कायद्यात कलम ६अ आले, आणि त्या राज्यात बाहेरून आलेल्यांसाठी २५ मार्च १९७१ ही तारीख निर्णायक ठरली. ते कलम वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार विरुद्ध एक मताने दिला. २००३ च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ ही संज्ञा कायद्यात आणली, नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदणीची तरतूद केली, आणि त्याच कायद्याने परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआयची (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) सोय केली. एका हाताने जन्माचा दरवाजा अरुंद झाला, दुसऱ्या हाताने वंशाचा दरवाजा उघडला. माझ्या मते गेल्या सत्तर वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच. आपले नागरिकत्व ‘जागेकडून’ ‘वंशाकडे’ सरकले, आणि वर्गात आपण अजून जागेचेच उत्तर देतो आहोत.

या सगळ्यात एक सुधारणा अशी आहे की ती मुलींना मुद्दाम सांगावी. परदेशात जन्मलेल्या मुलाला १९९२ पर्यंत फक्त वडिलांकडून भारतीय नागरिकत्व मिळत असे, आईकडून नाही. १० डिसेंबर १९९२ पासून आईकडूनही मिळू लागले. संविधानाने १९५० पासून समानता दिली, पण या एका कलमापर्यंत ती पोहोचायला बेचाळीस वर्षे लागली.

२०१९ ची दुरुस्ती वर्गात येणारच, कारण ती घरच्या टीव्हीवर आलेली आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना तिने अवैध स्थलांतरित मानण्यातून वगळले आणि देशीयकरणासाठीची, म्हणजे अर्ज करून नागरिकत्व मिळवण्यासाठीची, वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाचवर आणली. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. बाजूने म्हटले जाते की शेजारी देशांत धर्मामुळे छळ झालेल्यांना आसरा देणे हे फाळणीनंतरचे राहिलेले कर्तव्य आहे. विरोधात म्हटले जाते की धर्मावरून भेद केल्याने समानतेच्या अनुच्छेद १४ चा भंग होतो, आणि याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. दोन्ही बाजू तेवढ्याच नेमकेपणाने सांगा. तुमचे मत मुलांनी विचारले तर म्हणा, “माझे मत आहे, पण आज तुमचे ऐकायचे आहे.” शिक्षकाचे मत फळ्यावर गेले की वर्गातली अर्धी मुले गप्प होतात. हे मी स्वतःच्या वर्गात पाहिले आणि त्याची खंत आजही आहे.

नियमांचे एवढे पुरे. आता शिकवण्याकडे.

आपला विषय कुठून आला ते राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने स्पष्ट लिहिले आहे : नागरिकशास्त्र वसाहतकाळात आले, राजवटीवरची निष्ठा ढळते आहे असे वाटू लागले तेव्हा. चांगली प्रजा घडवणे हा हेतू. मी शाळेत शिकलो ते पुस्तक त्याच वळणाचे होते. रांगेत उभे राहावे, कर भरावा, रस्त्यावर थुंकू नये. यातले काही वाईट नाही, पण त्यात नागरिक कुठे प्रश्न विचारताना दिसत नाही. २००५ नंतर एनसीईआरटीने विषयाचे नावच बदलले, ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ केले, आणि पुस्तकात झोपडपट्टीतला पाण्याचा टँकर आणि गावची दवाखान्याची रांग आली. आपल्याकडे सहावी ते आठवीला नागरिकशास्त्र हे नाव टिकले, नववी-दहावीला राज्यशास्त्र झाले. स्थानिक शासन, संविधान, संसद हा सहावी-सातवी-आठवीचा क्रम मला आवडतो. पण इतिहासाला जोडलेला धाकटा विषय हे त्याचे स्थान बदलले नाही. बोर्डाच्या पेपरात गुण कमी, म्हणून जानेवारीत उरकायचा विषय.

त्याच वेळी दुसरा एक प्रवाह वाहत होता, मूल्यांचा आणि कर्तव्यांचा. मूलभूत कर्तव्ये मूळ संविधानात नव्हती, ती १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. २००२ मध्ये मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे अकरावे कर्तव्य जोडले गेले. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू झाले. संविधानातली मूल्ये पाठांतराने न देता गटात बसून, चर्चेतून, खेळातून रुजवायची, हा त्याचा गाभा. मी त्या पद्धतीचे वर्ग पाहिले आहेत. दुसरीतली मुले गोल करून बसतात आणि “तुझे म्हणणे मला पटत नाही, कारण...” असे बोलतात. नागरिक होण्याची ही सुरुवात मला कोणत्याही पाठापेक्षा मोलाची वाटते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठात उद्देशिकेचे वाचन आले.

उद्देशिका रोज म्हणण्याच्या मी विरोधात नाही. तुमच्या मुलाचा प्रश्न तिच्यातूनच आला असणार. “त्याच्या सर्व नागरिकांस” असे तो रोज म्हणतो आहे, आणि एक दिवस त्या शब्दापाशी थांबला. असे थांबणे घडावे म्हणून सोमवारी एक शब्द निवडा आणि आठवडाभर त्याच्यावर पाच मिनिटे बोला. ‘दर्जाची व संधीची समानता’ यातला ‘दर्जा’ एक आठवडा पुरतो.

आणि एक फरक नक्की शिकवा, जो आपल्या पुस्तकात नीट उलगडत नाही : ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’. कायद्यापुढे समानता देणारा अनुच्छेद १४, जीवित आणि स्वातंत्र्याचा २१, हे ‘व्यक्ती’साठी आहेत. तुमच्या गावात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कोणीही आलेला असो, तो नागरिक आहे की नाही हे न विचारता त्याला ते लागू. भाषणस्वातंत्र्याचा १९, सरकारी नोकरीतल्या समान संधीचा १६, हे ‘नागरिकां’साठी. मुलांना दोन रंगांच्या खडूंनी हे अनुच्छेद रंगवायला लावले, तर पुढे आयुष्यभर ती “तो इथला नाही, त्याला काही हक्क नाही” असे सरसकट म्हणणार नाहीत.

धोरण आणि शिक्षण यांची सांगड इतरत्र कशी घातली गेली, याचे एकच उदाहरण देतो, कारण आपल्याकडची कितीतरी कुटुंबे आता तिथे आहेत. इंग्लंडमध्ये राज्यशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रिक यांच्या समितीने १९९८ मध्ये शाळांत नागरिकत्व शिक्षणाची शिफारस केली आणि २००२ पासून तो माध्यमिक शाळांत सक्तीचा विषय झाला. पुढे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी लोकांना काय यायला हवे हे सुचवणाऱ्या गटाचे अध्यक्षही क्रिकच होते. त्यातून २००५ मध्ये ‘लाइफ इन द यूके’ ही चाचणी आली, २४ प्रश्नांची. पुण्याहून गेलेला अभियंता ती पाठ करून देतो. शाळेतले मूल वादविवाद शिकते आणि नव्याने आलेला माणूस सनावळी पाठ करतो, हा फरक मला खटकतो. एकाच माणसाच्या विचारातून निघालेल्या दोन वाटा, पण परीक्षा झाली की विषय आक्रसतो. आपल्या दहावीतही तेच घडते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. हा घटक शिकवताना मुलांना घरून कागद आणायला कधीही सांगू नका. “ज्याच्याकडे जन्मदाखला आहे त्याने हात वर करा” असेही नको.

याचे कारण माझ्या वर्गातले आहे. पारधी वस्तीवरचा एक मुलगा होता. जन्माची नोंद कुठेच नव्हती. शाळेत प्रवेश अडत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ ने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण दहावीनंतर त्याला वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र हवे होते. एका कार्यालयात त्याच्या वडिलांना विचारले गेले, “तुमचे मूळ गाव कोणते?” वडिलांनी सात गावांची नावे सांगितली, कारण ते सातही गावांत राहिले होते. प्रमाणपत्र मिळायला आठ महिने लागले आणि प्रवेशाची मुदत गेली. ज्यांच्या आजोबांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, आणि तो कायदा केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द केला तोवर प्रजासत्ताकाला अडीच वर्षे झाली होती, त्या घरातल्या मुलाला मी वर्गात “कागद दाखव” म्हणायचे? मी ते एकदा केले होते, उपक्रम म्हणून. त्याने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. त्यानंतर मी फक्त काल्पनिक माणसे वापरली.

कागदांचे ज्ञान मात्र द्याच. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे. जन्माची नोंद राहून गेली असेल आणि वर्ष उलटले असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा धरला जातो, म्हणून गावातल्या आयांना हे पालकसभेत सांगा. जनरल रजिस्टरमधली नोंद तुम्ही लिहिता तेव्हा नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण पुन्हा पुन्हा तपासा. आपल्या भागात हजारो लोकांची जन्मतारीख १ जून आहे, माझीही आहे, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने ती लिहिली. ज्या कायद्यात ३० जून आणि १ जुलै १९८७ यांच्यात नियम बदलतो, तिथे गुरुजींच्या त्या सोयीचे वजन फार आहे.

काल्पनिक माणसांच्या चिठ्ठ्या कशा करायच्या ते सांगतो. चार-चारच्या गटाला एक चिठ्ठी आणि तारखांचा तक्ता द्या, दहा मिनिटांनी निर्णय आणि कारण मागा. १९७५ मध्ये मुंबईत जन्मलेली, आई-वडील दोघे नेपाळी : नागरिक, कारण १९८७ च्या आधी. १९९० मध्ये पुण्यात जन्मलेला, आई भारतीय, वडील शिकायला आलेले इराणी : नागरिक, एकजण पुरेसा. १९८५ मध्ये लंडनमध्ये जन्मलेली, आई भारतीय, वडील ब्रिटिश : वंशाने नागरिक नाही, आणि इथे मुली चिडतात. २००६ मध्ये ठाण्यात जन्मलेला, आई भारतीय, वडील अवैध स्थलांतरित : जन्माने नागरिक नाही, आणि इथे सगळा वर्ग गप्प होतो. त्या शांततेत घाई करू नका. “हे बाळ मग कुठले?” असे कोणीतरी विचारतेच.

शेवटची चिठ्ठी गोव्याची ठेवा. आजोबा १९५० मध्ये म्हापशात जन्मले, तेव्हा तो पोर्तुगालचा प्रदेश. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने तिथे जन्मलेले लोक २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक झाले, ज्यांनी नको असे लेखी कळवले ते सोडून. पोर्तुगालचा कायदा मात्र त्या काळी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना आजही आपले राष्ट्रीयत्व घेऊ देतो. नातवाने लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि लंडनला कामाला गेला. तो अजून भारतीय आहे का? नाही, नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. त्याला ओसीआय मिळू शकते, पण मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांनी जागा न सोडता देश बदलला आणि नातवाने नोकरीसाठी. या चिठ्ठीवर तास संपतो, मुलांचे बोलणे संपत नाही.

मुख्याध्यापकांचे म्हणणे राहिले. त्यांच्याशी वाद घालू नका. टाचणवहीत घटकाचे नाव ‘संविधान : नागरिकत्व, अनुच्छेद ५ ते ११’ असे लिहा, सोबत तारखांचा तक्ता आणि चिठ्ठ्यांचा नमुना जोडा, आणि तास बघायला त्यांनाच बोलवा. सातवीला संविधान आहेच, त्यामुळे तुम्ही अभ्यासक्रमाच्या बाहेर गेलेला नाही. माझ्या शाळेत मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले होते, आणि गोव्याच्या चिठ्ठीवर एका गटाचा निर्णय चुकला तेव्हा सर्वांत आधी हात त्यांचा वर आला.